रुखवतातला पोपट

३ जानेवारी २००२
ही डायरी बँकेने फुकट दिली. पहिली चौदा पानं मी मागितली नव्हती: राहुकाळाचं कोष्टक, रेल्वेची अंतरं, उंचीप्रमाणे माणसाचं वजन किती असावं, आणि बँकेच्या अध्यक्षांचा हसरा फोटो. पानं फाडली नाहीत. फुकट आलेल्यातलं फाडू नये असं वाटतं. माझी बायको विद्युलता म्हणाली, "लिहा काहीतरी. नाहीतर दिवसभरात ऐकलेलं सगळं रात्री मला ऐकावं लागतं."

तर लिहितो. सोळाव्या वर्षी विट्याहून तमिळ मुलखात आलो ते सौकारपेठेत गलाईच्या भट्टीवर. सोनारांच्या दुकानातला केर आणायचा, जाळायचा, धुवायचा आणि त्यातून सोन्याचा कण काढायचा. आमचे भट्टीवाले आण्णा म्हणायचे, "केर टाकायची घाई नको. आधी धुवा, मग बघा, मग टाका." बारा वर्षं धूर खाल्ला, संध्याकाळी कंप्युटरचा क्लास केला. आज मैलापुरात, देवळाच्या तळ्यामागे, आठ बाय दहाचं दुकान आहे. रिची स्ट्रीटवरून सुटे भाग आणतो, जोडतो, विकतो. बोर्डावर माझं नाव तीन भाषांत आहे. तिन्हीत बरोबर आहे, हे मैलापुरात सोपं नाही.

२० जानेवारी
दोन गल्ल्या पलीकडचा दुकानदार मशीनबरोबर माउसची गादी फुकट देतो. गिऱ्हाइकं तिकडे वळली. काल विद्युलतेच्या मावसबहिणीच्या लग्नात रुखवत बघत उभा होतो. कापसाचे हत्ती, साखरेचा बंगला, मण्यांचा गणपती. कामाचं एकही नाही, पण लोक नवरीपेक्षा तेच जास्त बघत होते. तिथेच डोक्यात आलं. माझ्या दुकानातून मशीन जाईल ते मोकळ्या हाताने जाणार नाही.

११ फेब्रुवारी
सीडी तयार. बेचाळीस प्रोग्राम, सगळे फुकटातले. माउसच्या बाणामागे चांदण्या सांडतात, कोपऱ्यात हवामान दिसतं, इंटरनेटच्या खिडकीवर शोधायच्या पट्ट्या तीन. मुख्य म्हणजे बोलका पोपट. हिरवा, अमेरिकन. पडद्यावर चालतो, विनोद सांगतो, गाणं म्हणतो. त्याच्याजवळ एक वहीसुद्धा आहे. आपण इंग्रजी अक्षरांत टाइप करायचं, तो वाचून दाखवतो. हिचा उपयोग कोणाला होणार देव जाणे, पण बेचाळीसमध्ये एक जास्त.

बसवताना प्रत्येक प्रोग्राम इंग्रजीत पानभर काहीतरी विचारतो. मी 'हो' दाबत जातो.

२ मार्च
राघोत्तमरावांकडे मशीन पोचवलं. रेल्वेच्या हिशेब खात्यातून निवृत्त, मूळ तंजावरचे. मला इथे कोणी ओळखत नव्हतं तेव्हा दुकानमालकाला यांनीच सांगितलं होतं, "मुलगा बेस आहे." सगळं मैलापूर मामा-मामी म्हणतं म्हणून मीही त्यांना मामा म्हणतो.

त्यांना मशीन कशाला, तर शब्दांसाठी. त्यांच्या घरची मराठी तीनशे वर्षांपूर्वी इकडे आली आणि इथेच राहिली. मुलगा ह्यूस्टनला, नात ऊर्मी तिथे इंग्रजी बोलते. मामा म्हणाले, "तुमची मराठी पुढें गेली, रविकांता. आमची बसून आहे. मी गेलों की तीही उठून जाईल. त्याच्या आधीं लिहून ठेवतों." तीस वर्षं बसतिकिटांच्या पाठीवर, लग्नपत्रिकांवर शब्द टिपलेत. दोन पेट्या भरल्या आहेत. टाइप होतील तसे कागद रद्दीत जाणार, कारण त्रिपुरसुंदरी मामींना पेट्या रिकाम्या हव्यात.

पोपट दाखवला. तो म्हणाला, "हॅलो, तुमचं नाव काय?" मामांनी अदबीने उठून सांगितलं. मग टाइप करावं लागतं हे कळल्यावर बसून सांगितलं.

"कॉफी घे की," मामा म्हणाले. दुकान उघडं टाकून आलो होतो. निघालो.

१९ ऑगस्ट
सत्यनारायण आला. माझं गिऱ्हाईक, बँकेत कारकून, सोलापूरचा. तक्रार अशी की शेजाऱ्याच्या मशीनवर पाच पट्ट्या आहेत आणि याच्यावर तीन. "आम्ही काय कमी पैसे दिले का, राव?" दोन आणखी घालून दिल्या. खूश होऊन गेला.

तो म्हणतो, पडद्यावर प्रश्न आला की 'नको' दाबणं त्याच्याने होत नाही. "एवढं प्लीज म्हणून विचारतोय. कोणाला दारातून परत पाठवल्यासारखं वाटतं." गेल्या आठवड्यात त्याने अशा अकरा जणांना आत घेतलं.

७ जुलै २००३
दुपारी मामांच्या खिडकीखालून जात होतो. आतून पोपटाचा आवाज. अमेरिकन नाकातून म्हणत होता, "उदईक. उदईक." मामा त्याची मजा करत असावेत. मामी तुळशीपाशी होत्या. म्हटलं, "मामी, घरात तिसरा माणूस आला की."

"बोलूं दे," त्या म्हणाल्या. "चाळीस वर्षं मी आयकलें. आतां त्याची पाळी."

आतून मामांनी हाक मारली, "रविकांता, कॉफी." म्हटलं, टी. नगरात गिऱ्हाईक थांबलंय. थांबलं होतंच.

१५ मे २००४
मशीन हळू चालतात अशा तक्रारी वाढल्या. एन्नोरच्या वीज केंद्रातल्या साहेबांच्या मशीनचं मी समजू शकतो, तिथे कोळशाची धूळ आहे. पण मैलापुरात कसली धूळ? समुद्राची खारी हवा असावी. सगळ्यांना पंखा पुसायला सांगितलं.

विशेष म्हणजे पलीकडच्या दुकानदाराची मशीन बरी चालतात. स्वस्तातला माल असूनही.

२८ ऑगस्ट
सत्यनारायणाच्या घरी गेलो. पडद्यावर पट्ट्या नऊ. खाली वेबसाइट दिसते ती बोटभर. खिडकीला पडदे लावत लावत खिडकीच राहिली नाही. मधूनच एक चौकोन उडी मारून येतो आणि अभिनंदन करतो की तुम्ही दहा लाखावे पाहुणे आहात. सत्यनारायण तीन वेळा दहा लाखावा झालाय. तिन्ही वेळा बायकोला सांगितलं.

घरी हे सांगितलं तर विद्युलता म्हणाली, "रुखवत एकदाच जातं हो नवरीबरोबर. तुमचं तिथे जाऊन बाळंत होतंय."

मी म्हटलं, "माझं कसं?"

तिने भात वाढला.

१० मार्च २००५
वारं फिरलं. वर्तमानपत्रात आलं की हे फुकटातले प्रोग्राम आपल्यावर पाळत ठेवतात. आता जो तो घरात चोर शिरल्यासारखा बोलतो. पट्टीसाठी भांडलेला सत्यनारायण आज आला तो कुजबुजत, "राव, माझं सगळं अमेरिकेला कळलंय."

"तुमचं काय आहे कळण्यासारखं?"

"तेच तर. तेही कळलं असेल."

रुखवत बंद केलं आणि 'मशीन साफ करून मिळेल' असा तमिळ आणि इंग्रजीत बोर्ड लावला. काढतो त्यातलं बहुतेक माझ्याच सीडीतलं निघतं. त्यामुळे कुठे काय दडलंय हे माझ्याइतकं कोणाला माहीत नाही. धंद्यात याला अनुभव म्हणतात.

२२ सप्टेंबर
एकशे चाळीस मशीन साफ झाली. पोपट सगळ्यात चिवट. काढायला गेलं की विचारतो, "तुम्ही मला खरंच सोडून जाणार?" पूर्वी लोकांना याचं हसू यायचं. परवा एका मामींनी त्याला तमिळमध्ये अशी शिवी दिली की मला कपालीश्वराच्या कळसाकडे बघून माफी मागावी लागली.

१७ नोव्हेंबर
राघोत्तममामा लग्नाला तंजावरला गेलेत, दहा दिवस. मामी दुकानात आल्या. "तें मशीन उघडायला अर्धा घंटा लागतो. ते देवाचें म्हणून, जेवून येतात, तरी उघडत नाहीं. येण्याच्या आधीं नीट करून ठेव."

मनात आलं, मामांनी माझ्यासाठी शब्द टाकला होता. त्यांचं काम वरवर करायचं नाही. मशीन दुकानात आणून सगळं धुऊन काढलं, नव्याने विंडोज घातलं. आधी त्यांची फाइल मात्र आठवणीने काढून ठेवली. 'शब्द' नावाची आहे, लगेच सापडली. उघडून बघितली नाही, दुसऱ्याचं वाचू नये. पोपट गेला, पट्ट्या गेल्या. मशीन आता सशासारखं पळतं. पैसे घेतले नाहीत.

२९ नोव्हेंबर
मामा आले. बोलावणं आलं. वाटलं, शाबासकी.

मामा खुर्चीत होते, पडदा समोर. म्हणाले, "रविकांता, पक्षी कुठें गेला?"

"काढला मामा. मशीनला फार त्रास देत होता."

"मला देत नव्हता."

"तुमचे शब्द सुखरूप आहेत, हे बघा." मी फाइल उघडली. एकेचाळीस शब्द. 'अ'ने सुरू आणि 'आ'च्या मध्यावर बंद. मी पान खाली ओढलं. खाली पांढरं.

"बाकीचे?"

"पक्ष्याजवळ," मामा म्हणाले. "त्याच्या वहींत. मी लिहायचों, तो म्हणायचा. आयकल्याबिगर शब्द बरोबर आहे कीं नाहीं, कळावें कसें? तीन हजार झालेले."

"आणि त्या पेट्या?"

मामी दारातून म्हणाल्या, "रद्दीवाला नेला. मीच दिलें." मग पदराला हात पुसत आत गेल्या, हात कोरडे होते तरी.

मामांनी आवाज चढवला नाही. चढवला असता तर मला बरं वाटलं असतं. एवढंच म्हणाले, "टाकायच्या आधीं एक बार विचारायचें होतें कीं."

घरी आलो. विद्युलतेला सांगितलं. ती मग म्हणाली, "घालताना तरी कुठे विचारलं होतं?"

बारा वर्षं मी लोकांचा केर धुतला. सोनाराने झाडून फेकलेली माती. हाच एक केर न धुता टाकला.

३० नोव्हेंबर
सकाळीच जाऊन मशीन आणलं. हार्ड डिस्क बाहेर काढली. पुसलेलं लगेच जात नाही, त्यावर नवं लिहिलं गेलं तरच जातं. मी तर वर अख्खं विंडोज लिहून ठेवलंय. तरी कोपरे राहिले असतील. भट्टीच्या विटासुद्धा आम्ही फोडून धुवायचो, त्यातही निघायचं.

पुसलेलं परत काढायचा एक प्रोग्राम मिळाला, फुकटातला. तो दुकानातल्या मशीनवर घालताना पाच प्रश्न आले. पट्ट्या घालू का, हवामान दाखवू का, पहिलं पान बदलू का. पाचही 'हो'. सोनं निघणार असेल तर धुराचं काय एवढं.

६ डिसेंबर
पाऊस थांबत नाही. गल्लीत गुडघाभर पाणी, गिऱ्हाईक नाही, डिस्क धुणं चालू. वहीचे तुकडे निघताहेत. कुठे अर्धं पान, कुठे चार ओळी, मध्ये नुसते चौकोन. दुकानाच्या मशीनवर आता तीन पट्ट्या आणि एक नाचणारं मांजर आहे. सत्यनारायण पावसातून आला, मांजर बघितलं, आणि उलटपावली गेला. उद्या मैलापूरभर होईल.

१४ डिसेंबर
दोन हजार दोनशे ऐंशी शब्द निघाले. बाकीचे गेले.

ओळी लावताना वाचावं लागलं. 'उदईक' म्हणजे उद्या. हे पोपटाच्या तोंडून मी कितीदा ऐकलं होतं. शब्दांच्या मध्येमध्ये भलत्याच ओळी आहेत. 'आज पाऊस. कोणी नाही.' 'ऊर्मी फोनवर इंग्रजी बोलली. पक्ष्याला मराठी सांगितली.' 'त्रिपुरा आज हसली. कारण सांगत नाही.' आणि 'रविकांत आला. कॉफी न घेतां गेला.' ही ओळ एकोणीस वेळा आहे. एकच वाक्य इतक्यांदा कोण कशाला टाइप करील? मशीन अडकलं असणार. या ओळींचं शब्दकोशात काम नाही, पण आता मी न विचारता काही काढत नाही. सगळं जसंच्या तसं ठेवलं.

१६ डिसेंबर
मामांना दिलं. त्यांनी चष्मा लावून पहिली पन्नास पानं बघितली. "बेस," म्हणाले. मग, "पण म्हणणार कोण?"

जुनी सीडी नेली होती, खरंतर माझ्या गुन्ह्याचा पुरावा म्हणून. एकशे चाळीस घरांतून हाकललेला पोपट माझ्याच हाताने परत बसवला. चांदण्या, हवामान, पट्ट्या, एकेक विचारून गाळलं. तो चालत आला, पंख झटकले आणि म्हणाला, "हॅलो, तुमचं नाव काय?"

"विसरला कीं," मामा म्हणाले. आणि परत टाइप केलं.

राहिलेले सात-आठशे शब्द आठवून लिहीन म्हणाले. वय ऐंशीला टेकलंय. मी म्हटलं, लिहाल. मामींनी आतून विचारलं, "कॉफी?" सबेच्या, म्हणजे डिसेंबरातल्या गाण्याच्या मैफलींच्या, सीझनमुळे सगळ्या गायकांना आत्ताच मशीन दुरुस्त करून हवंय. निघालो. अपराध्यासारखं वाटत असलं की माणसाला काम सुचतं.

१२ जून २००९
मधली तीन वर्षं डायऱ्या आल्या, कोऱ्या राहिल्या. धंदा लॅपटॉपवर गेला. मी आता जोडत नाही, विकतो.

सत्यनारायणाने लॅपटॉप घेतला. डब्यातून निघाला तोच भरलेला. साठ दिवस फुकट चालणारा व्हायरसचा पहारेकरी, दोन पट्ट्या, खेळ, आठवणी करून देणारे चौघे. म्हटलं, काढून देऊ का? तो घाबरला. "नको राव. कंपनीने घातलंय म्हणजे काहीतरी विचार करूनच घातलं असेल." झाकणावरचे स्टिकरही त्याने काढलेले नाहीत. पट्टीसाठी भांडला तो हाच, पट्टीला भ्यायला तोही हाच. आता पट्टी आहे हेच त्याला दिसत नाही. मीही वाद घालत नाही.

२५ जून
ऊर्मी आलीय ह्यूस्टनहून. आजोबांना नवा लॅपटॉप आणलाय. जुन्यातलं नव्यात घालायला मला बोलावलं. गेलो तर पोरगी माउस धरून बसलेली. "ताता, दिस इज स्पायवेअर. दहा वर्षांपूर्वीचं. मी डिलीट करते हां."

मी इतक्या जोरात "थांब" म्हणालो की मामी स्वयंपाकघरातून आल्या.

"बट इट्स जंक, अंकल."

"असेल. आधी विचार."

"कोणाला?"

मी मामांकडे बोट दाखवलं. तिने विचारलं. मामा म्हणाले, "तुझी आज्जी माझें आयकत नाहीं, तूं इंग्रजी बोलतेस. हा एक आहे. त्याला पाठवतेस?" तिने माउस सोडला.

पोपट नव्या मशीनवर चालत नाही. ज्या कंपनीने काढला ती कधीच बुडाली. तो अजून मधूनमधून नवी आवृत्ती आणू का म्हणून विचारतो, 'हो' म्हटलं तर कुठेतरी जाऊन रिकाम्या हाताने येतो. ठरलं असं, जुनं मशीन पोपटासाठी राहणार आणि शब्द नव्यात उतरवायचे. शब्द आता तीन हजार एकशे आहेत. हरवलेले बहुतेक आठवले. जे आठवले नाहीत त्यांच्या जागी मामांनी रेघ सोडलीय.

उतरवताना एकेक ओळ विचारत गेलो. ठेवू? ठेव. ठेवू? ठेव. 'आज पाऊस. कोणी नाही.' ठेव. 'त्रिपुरा आज हसली.' मामी म्हणाल्या, "तें काढ." मामा म्हणाले, "ठेव." ऊर्मी मामांच्या शेजारी सरकून बसली आणि शब्द हळूच म्हणून बघायला लागली. सकाळी दहा वाजता बसलो, जेवणवेळ झाली.

मग ती ओळ आली. परत आली. २००६ नंतरही आहे, २००७ मध्ये तर जास्तच. मोजली, एकतीस.

म्हटलं, "मामा, ही एक सारखी येते. ठेवायची का काढायची?"

मामा चष्मा पुसत होते. म्हणाले, "तें तुझ्यावर आहे."

खिशात दुकानाचा फोन वाजत होता. वाजू दिला. मामींनी काही न विचारता पितळेच्या डबऱ्यात, इथल्या खोलगट वाटीत, कॉफी आणून ठेवली. चाळीस डिग्रीत, जेवणवेळेला, बिनविचारता आलेली. प्यायलो. चांगली होती.

उठलो तेव्हा मामा जुन्या मशीनकडे वळून दोन बोटांनी काहीतरी टाइप करत होते. जिन्यात पोचलो तोवर पोपटाने वाचून दाखवलं. अमेरिकन नाकातून, पण शब्द स्वच्छ. माझं नाव, मग कॉफी, मग 'घेतली'. या वेळी मशीन अडकलं नाही. एकदाच म्हणाला.

मागून मामांचा आवाज आला, "उदईक ये."

उद्या शुक्रवार. दुकानात गर्दी असते. जाईन.